चाळीस मीटर पाणी

जपानी चित्रकार योकोयामा ताइकान यांचा १९२३चा ‘सेइसेइ रुतेन’ हा रेशमावर शाईने काढलेला पट सुमारे चाळीस मीटर लांब आहे. नाव बौद्ध परंपरेतलं. आपल्याकडचं ‘जन्ममरणाचे फेरे’ त्याच्या जवळ जातं. पट उजवीकडून डावीकडे बघत जायचा. डोंगरातल्या धुक्यात पानावरून थेंब गळतो, त्याचा ओहोळ होतो, मग नदी. काठावर हरणं, माकडं, माणसं येतात आणि मागे पडतात. शेवटी समुद्र खवळतो आणि पाणी ड्रॅगन होऊन ढगात चढतं, म्हणजे पुन्हा धुकंच.

या धुक्यापायी ताइकान यांनी तरुणपणी बरीच टिंगल सोसली होती. जन्म १८६८चा, म्हणजे मेइजी राजवट सुरू झाली त्याच वर्षीचा. तोक्योच्या कलाशाळेच्या पहिल्या तुकडीत ते शाळेचे प्रमुख ओकाकुरा काकुझो यांच्या हाताखाली शिकले. १८९८मध्ये ओकाकुरांना शाळा सोडावी लागली. त्यांनी ‘निहोन बिजुत्सुइन’ ही स्वतःची कलासंस्था काढली, तेव्हा ताइकान आणि त्यांचे चित्रकार मित्र हिशिदा शुन्सो त्यांच्यामागोमाग गेले. हवा रंगवता येईल का, हा ओकाकुरांचा प्रश्न दोघांनी भलताच मनावर घेतला. जपानी चित्राचा प्राण मानली जाणारी रेषाच त्यांनी पुसून टाकली आणि नुसत्या रंगछटांनी चित्रं काढली. टीकाकारांनी या शैलीला ‘मोरोताइ’, म्हणजे धूसर, अस्पष्ट, असं हिणवलं. चित्रं खपेनात.

याच काळात, १९०३मध्ये, दोघे कलकत्त्याला टागोर कुटुंबाकडे आले. ताइकान ब्रशने कागद ओला करतात, हे चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांनी पाहिलं आणि आपला अख्खा कागदच पाण्यात बुडवला. बंगाल शैलीतली वॉश पद्धत, म्हणजे ओल्या कागदावर पातळ रंगांचे थर देणं, तिथून आली. घरी ज्याची थट्टा झाली, त्याला पहिली भक्कम दाद परमुलखात मिळाली, असं मला वाटतं. पुढे १९१६मध्ये रवींद्रनाथ जपानला गेले, तेव्हा तोक्योत ताइकान यांच्याच घरी उतरले.

तोवर शुन्सो १९११मध्ये आणि ओकाकुरा १९१३मध्ये गेले होते. बंद पडल्यात जमा असलेली संस्था ताइकान यांनी १९१४मध्ये पुन्हा उभी केली. तिच्याच दहाव्या प्रदर्शनात हा पट मांडला गेला. आता रंगही गळून नुसती शाई उरली होती, आणि धूसरपणाला अखेर विषय सापडला होता: पाणी.

प्रदर्शन उघडलं १ सप्टेंबर १९२३ला, तोक्योतल्या उएनोमध्ये. त्याच दिवशी दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना कान्तोचा महाभूकंप झाला. त्यात आणि नंतरच्या आगींत लाखाच्या आसपास माणसं गेली. पट वाचला. आज तो तोक्योच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.

एक गोष्ट मात्र टोचत राहते. याच चित्रकाराने १९४०मध्ये डोंगर आणि समुद्राची वीस चित्रं विकून आलेले पाच लाख येन जपानी सैन्याच्या लढाऊ विमानांसाठी दिले.