घास बत्तीस वेळा चावलाच पाहिजे का?

दात बत्तीस, म्हणून प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा, नाहीतर अन्न पचत नाही, असे गोव्यातील अनेक घरांत मुलांना जेवताना बजावले जाते. परंतु या आकड्याला शरीरशास्त्राचा आधार नाही. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नावावर हा नियम पूर्वीपासून सांगितला जाई आणि पुढे अमेरिकेतील होरेस फ्लेचर (१८४९–१९१९) यांनी, स्वतः डॉक्टर नसताना, अन्न तोंडात पातळ होईपर्यंत चावण्याचा मोठा प्रचार केला.

चावण्याचे महत्त्व मात्र खरे आहे. लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टमय पदार्थांचे विघटन तोंडातच सुरू करते. जठरातील आम्लात त्याचे कार्य थांबते आणि उरलेले बहुतांश काम लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस करतो. त्यामुळे भाताचा घास थोडा कमी चावला गेला, तरी तो न पचता राहत नाही. उकड्या तांदळाची मऊ पेज आणि सुक्या मटणाचा तुकडा यांना एकच आकडा लावणे तर हास्यास्पदच म्हणावे लागेल.

काजूची गोष्ट वेगळी आहे. त्यातील स्निग्धांश पेशींच्या भित्तिकांत बंदिस्त असतो आणि दातांनी त्या फुटल्या नाहीत, तर त्याचा काही भाग न पचता शौचावाटे बाहेर पडतो. दात पडलेल्या वृद्धांना असे पदार्थ कुटून द्यावेत. इतरांनी घास मऊ, ओलसर आणि सहज गिळण्याजोगा होईपर्यंत चावणे पुरेसे आहे.