फेफरे, की हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड?

घरात कोणी एकाएकी कोसळले, डोळे फिरवून हातपाय झाडू लागले, की आपण ‘फिट आली’ म्हणतो आणि इंदुरात हिंदीच्या शेजारामुळे ‘मिरगी’ हा शब्दही त्याला लगेच चिकटतो. कोणी कांदा हुंगवायला धावते, कोणी चप्पल. पण असा झटका दर वेळी मेंदूतूनच निघतो असे नाही. कित्येकदा तो हृदयातून निघतो, आणि ही गल्लत जिवावर बेतू शकते.

फेफऱ्यात मेंदूतील पेशींचे विद्युत संदेश एकदम उसळतात. हृदयाचेही काम विद्युत संदेशांवरच चालते. उजव्या वरच्या कप्प्यात असलेल्या सायनस नोडमधून संदेश निघतो, मधल्या ए. व्ही. नोडपाशी क्षणभर थबकतो आणि खालच्या कप्प्यांत पसरतो. वाटेतच तो अडला तर ‘हार्ट ब्लॉक’ होतो. हा बहुधा उतारवयात आढळतो आणि त्यात नाडी तीस-चाळीसवर येते किंवा काही सेकंद थांबते. तरुणांत, लहान मुलांतही, जन्मजात ‘लाँग क्यूटी’ असू शकतो. त्यात ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला हृदयाला जास्त वेळ लागतो, आणि त्या अवधीत ताल बिघडला तर हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही. सुमारे दहा सेकंद रक्त मिळाले नाही की मेंदूची शुद्ध हरपते, हातपाय झटकतात, आणि पाहणाऱ्याला ती फिटच वाटते. डब्लिनच्या ॲडम्स आणि स्टोक्स या डॉक्टरांनी मंद नाडीशी जोडलेल्या अशा झटक्यांचे वर्णन १८२७ आणि १८४६ मध्येच करून ठेवले आहे.

फरक कळतो तो बहुधा पाहणाऱ्याच्या सांगण्यावरून. फेफऱ्यात शरीर आधी ताठरते, मग एक-दोन मिनिटे तालात झटके येतात, जिभेची कड चावली जाते, चेहरा निळसर पडतो आणि नंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला किंवा झोपाळलेला राहतो. हृदयाच्या बिघाडात माणूस आधी गळून पडतो, चेहरा पांढराफटक होतो, झटके थोडे आणि विस्कळीत असतात, आणि ताल आपोआप सावरला तर तो लवकरच भानावर येतो. कपड्यांत लघवी होणे दोन्हींत घडते, म्हणून त्यावरून निवाडा करू नये. पोहताना, धावताना किंवा अचानक मोठा आवाज झाल्यावर कोणी कोसळले, तर हृदयाचा संशय आधी घ्यावा.

रामबागेत आमच्या शेजारची चौदा वर्षांची मुलगी दोन वर्षे फिटच्या गोळ्या घेत होती. तिचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत संदेशांचा आलेख, नेहमी ठीक यायचा, पण खऱ्या फेफऱ्यातही झटक्यांच्या मधल्या काळात तो ठीक येऊ शकतो, म्हणून कोणी पुढे विचार केला नाही. फोनची घंटा वाजली की पोर कोसळते आणि मिनिटभरात उठून बोलू लागते, हे तिच्या आजीने एका डॉक्टरांना सांगितले, तेव्हा पहिल्यांदा तिचा ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत संदेशांचा आलेख, निघाला. त्यांनी पट्टी खिडकीशी धरली आणि पेन्सिलीच्या टोकाने चौकोन मोजले. नेहमीच्या गतीच्या कागदावर एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. ठोके मिनिटाला साठ होते आणि क्यूटी, म्हणजे खालच्या कप्प्यांत संदेश पसरू लागल्यापासून ते पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, तेरा चौकोनांचा, म्हणजे ०.५२ सेकंदांचा होता. स्त्रियांत तो साधारण ०.४६ पर्यंत चालतो, आणि ०.५० च्या पुढे धोका बराच वाढतो.

दोन वर्षे कोणालाही ती पट्टी काढावीशी वाटली नाही याचे मला आजही वाईट वाटते, कारण ही तपासणी स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते. एकदा ईसीजी ठीक आला म्हणून संशय पूर्ण फिटतो असेही नाही, तो पुन्हा काढावा लागतो. हार्ट ब्लॉकवर पेसमेकर बसवतात. लाँग क्यूटीत रोज बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची उत्तेजना कमी करणारे औषध, देतात, काहींना छातीत शॉक देणारे यंत्र बसवावे लागते. ॲझिथ्रोमायसिन आणि डॉमपेरिडोन यांसारखी, मेडिकलवाल्याकडून सहज घेतली जाणारी औषधे लाँग क्यूटीच्या रुग्णांनी टाळायची असतात.

लाँग क्यूटीमुळे कोणी दगावले, तर शवविच्छेदनात हृदय धडधाकट दिसते, म्हणून कारण दडलेलेच राहते. हा दोष आई किंवा वडिलांकडून येतो आणि बहुतेक प्रकारांत तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्या मुलीच्या धाकट्या भावाला कधी साधी चक्करही आली नव्हती. त्याचाही ईसीजी काढला, आणि त्याचाही क्यूटी लांबलेला निघाला.