लिमिट संपलं की बिल वाढतं का स्पीड मरतो? कंपनीकडून नेटबुक घेणाऱ्यांचा नेहमीचा घोळ

मोबाईल कंपनीच्या दुकानातून नेटबुक (म्हणजे छोटा, स्वस्त लॅपटॉप) घेतलं, दोन वर्षांच्या करारावर सही केली, महिन्याला ५ जीबी डेटा आहे असं सांगितलं गेलं, इथपर्यंत सगळ्यांना सगळं कळतं. पण ते ५ जीबी संपल्यावर नेमकं काय होतं असं विचारलं की बहुतेक जण "नेट स्लो होतं ना" म्हणून मोकळे होतात, आणि गडबड इथेच आहे, कारण काही प्लॅनमध्ये नेट अजिबात स्लो होत नाही, ते पहिल्या दिवशीसारखंच झकास चालू राहतं आणि पुढचा प्रत्येक एमबी गपचूप बिलात चढत जातो. उलट काही प्लॅनमध्ये बिल एका सेंटनेही वाढत नाही पण एक पान उघडेपर्यंत जीव जातो.

पहिल्या प्रकाराला ओव्हरेज म्हणतात आणि दुसऱ्याला थ्रॉटलिंग. जाहिरातीत दोन्हीकडे मोठ्या अक्षरात '५ जीबी' एवढंच असतं, फरक खाली बारीक अक्षरात, आणि तो वाचला नाही तर स्पीड पडेल अशा भरवशावर बसलेल्या माणसाच्या हातात बिल पडतं.

आधी ओव्हरेज, कारण नेटबुकवाल्यांचं खरं नुकसान त्यानेच केलंय. अमेरिकेत २००८ च्या शेवटाला हा नेटबुकचा धंदा जोरात सुरू झाला. एसरचं ॲस्पायर वन हे नेटबुक रेडिओशॅक या दुकानांच्या साखळीत ९९.९९ डॉलरला, अट एकच, एटी अँड टी या मोबाईल कंपनीचा दोन वर्षांचा डेटा करार, महिन्याला ६० डॉलर. म्हणजे २४ महिन्यांचे १,४४० आणि वरचे शंभर, एकूण १,५४० डॉलर झाले, आणि हे टॅक्स वगैरे सोडून. मग मे २००९ मध्ये व्हेरायझन या दुसऱ्या मोबाईल कंपनीने एचपी मिनी आणलं, रिबेट (मागाहून परत मिळणारी सूट) धरून १९९.९९ ला, आणि त्यावर दोन प्लॅन होते: ३९.९९ डॉलरमध्ये २५० एमबी किंवा ५९.९९ मध्ये ५ जीबी. लिमिटच्या वर गेलात तर छोट्या प्लॅनवर दर एमबीला १० सेंट, मोठ्यावर ५ सेंट.

५ सेंट म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? बिल हातात घेऊन बघा मग. डेटाच्या रकान्यात वापर केबीमध्ये लिहिलेला, ६८,१५,७४४ केबी. आता हा आकडा बघून कुणाला काय बोध होणार आहे, देव जाणे. १,०२४ ने भागायचं, परत १,०२४ ने भागायचं, मग कळतं की हे साडेसहा जीबी आहेत. त्यातले ५ प्लॅनमधले, उरले दीड जीबी म्हणजे १,५३६ एमबी, त्याला ५ सेंटने ७६.८० डॉलर. म्हणजे ६० चा महिना थेट १३७ वर. आणि ज्याने पैसे वाचवायला म्हणून २५० एमबीवाला प्लॅन घेतला आणि महिनाभरात फक्त १ जीबी वापरला त्याचं तर अजूनच हसं होतं, वरचे ७७४ एमबी गुणिले १० सेंट, ७७.४० डॉलर जादा, वर प्लॅनचे ४० वेगळे. मोठा प्लॅन घेतला असता तर ६० मध्ये भागलं असतं.

आणि हे सेंटवाले दर तसे सभ्यच म्हणायचे. दर एमबीला अर्धा डॉलर लावला तर एका जादा जीबीचे ५१२ डॉलर होतात. २००९ मध्ये ओक्लाहोमातल्या एका ग्राहकाने असंच १०० डॉलरवालं नेटबुक घेतलं होतं, त्यावर एका महिन्याचं बिल ५,००० डॉलरच्या वर आलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

आता कुणी म्हणेल की एवढं वापरायचंच कशाला. पण नेटबुक म्हणजे फोन नव्हे, आणि हा मुद्दा विकताना कुणी धड सांगत नाही. त्या काळच्या फोनवर तुम्ही स्वतः काहीतरी उघडलं तरच बऱ्यापैकी डेटा जायचा. नेटबुकवर विंडोज एक्सपी, आणि एक्सपीला बिचाऱ्याला काय माहीत की आपण घरच्या ब्रॉडबँडवर आहोत का मोजून मिळणाऱ्या थ्रीजीवर, हे कनेक्शन मोजून मिळणारं आहे असं विंडोजला सांगायची सोय २०१२ मध्ये विंडोज ८ मध्ये आली. तोवर अपडेट आपोआप उतरणार, अँटीव्हायरसच्या नव्या फायली उतरणार, ब्राउझर फोनवरची हलकी आवृत्ती न मागता वेबसाईटचं पूर्ण अवजड पान मागणार. अंदाज यावा म्हणून सांगतो, एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३ (एक मोठा एकत्रित अपडेट) पूर्ण उतरवला तर ३०० एमबीच्या वर जातो, म्हणजे २५० एमबीचा अख्खा महिना एकाच डाउनलोडमध्ये साफ. आणि १ मेगाबिटचा सरळ थ्रीजी वेग मिळाला आणि सलग काहीतरी उतरत राहिलं, तर तासाला साधारण ४५० एमबी जातात, त्या हिशोबाने ५ जीबी म्हणजे साडेअकरा तासांचा खेळ. महिनाभर पुरतील म्हणून घेतलेले!

बरं, वापर बघायची सोय नसते का, तर असते. कंपनीने टाकून दिलेलं कनेक्शन मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर असतं, त्यात कोपऱ्यात वापर दिसतो. पण बऱ्याचदा तो चालू सेशनचा असतो, तोडून परत जोडलं की आकडा शून्यावर, आणि माणूस समजतो आज तर फक्त ४० एमबी झाले. त्यात अपलोडही मोजलं जातं हे कित्येकांच्या गावी नसतं, फोटो वर चढवले तरी ते लिमिटमधूनच जातात. आणि सगळ्यात कहर म्हणजे तो अलर्टचा एसएमएस. नेटबुकमधल्या मॉडेमला स्वतःचा नंबर असतो, तर "तुमचं लिमिट संपत आलंय" हा मेसेज त्या नंबरवर येऊ शकतो, म्हणजे तो कनेक्शन मॅनेजरच्या आत कुठल्यातरी इनबॉक्सच्या टॅबमध्ये जाऊन बसतो, जो टॅब आहे हेच कुणाला ठाऊक नसतं! खिशातला फोन मात्र गप्प. कस्टमर केअरवाला शांतपणे सांगणार की सर आम्ही मेसेज पाठवला होता, आणि तांत्रिकदृष्ट्या तो खरं बोलत असतो, डोक्याला हात लावायचा दुसरं काय.

आता थ्रॉटलिंग. यात ५ जीबी झाले की कंपनी तुमच्या लाईनचा वेग खाली आणते, समजा १२८ केबीपीएसवर, आणि महिन्याची तारीख उलटली की परत सोडते. जादा पैसे नाहीत. १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १६ किलोबाईट (केबीपीएसमधला 'बी' बिटचा असतो, बाईटचा नाही, आठने भागायचं), तर १ एमबीचं पान उघडायला ६४ सेकंद. मेल वाचता येतात, चॅट चालतं, व्हिडिओ विसरा. पण एक मोठा फायदा, या वेगाने दिवसरात्र उतरवलं तरी तासाला ५८ एमबीच्या आसपासच जातात, आणि गेले तरी बिल तेवढंच.

मग सगळ्या कंपन्यांनी पहिल्यापासून हेच का नाही केलं? लोभ आहेच, ते सोडा, पण एक तांत्रिक बाजूही आहे. ओव्हरेज लावायला नुसता हिशोबनीस पुरतो, महिनाअखेर नोंदी गोळा करायच्या आणि दर लावून बिल काढायचं. थ्रॉटलिंगला दारात उभा राहणारा चौकीदार लागतो, म्हणजे ग्राहक वापरत असतानाच नेटवर्कला त्याचा आत्तापर्यंतचा आकडा माहीत पाहिजे आणि त्याच क्षणी त्याची लाईन आवळता आली पाहिजे. ती यंत्रणा बसवायला खर्च आणि वेळ लागतो. टी-मोबाईलने २०१० मध्ये लॅपटॉपच्या ५ जीबी प्लॅनवरचं ओव्हरेज काढून त्याजागी वेग कमी करायला सुरुवात केली. एटी अँड टीने त्याच वर्षी जूनमध्ये फोनसाठी उलटी दिशा धरली, नव्या ग्राहकांना अनलिमिटेड बंद, २ जीबीला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येक जीबीला १०. ओव्हरेजच, पण दर एमबीने न मोजता अख्ख्या जीबीचा तुकडा देणारं, माझ्या मते हे त्यातल्या त्यात बरं, निदान एका क्लिकमध्ये दिवाळं निघत नाही.

पण थ्रॉटलिंग म्हणजे ग्राहकावर उपकार असंही कुणी समजू नये. तिथे 'अनलिमिटेड' हा शब्द आडून येतो. एटी अँड टीने जुन्या अनलिमिटेड ग्राहकांचा वेग २०११ पासून कापायला सुरुवात केली, फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये दावा ठोकला, आरोप असा की काहींचा वेग महिन्यात २ जीबी झाल्यावरच कापला जात होता, आणि २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. व्हेरायझनची गोष्ट त्याच्याही आधीची आणि थेट लॅपटॉपवाल्यांची, तिथे तर ना जादा बिल ना कमी वेग, अनलिमिटेड म्हणून विकलेल्या प्लॅनवर जास्त वापर करणाऱ्यांची लाईनच तोडली होती. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी तडजोड करून कंपनीला सुमारे १३,००० ग्राहकांना मिळून १० लाख डॉलर परत करावे लागले.

थोडक्यात दोन्हीचा त्रास वेगळ्या जागी होतो. ओव्हरेज लागतं तेव्हा काहीच जाणवत नाही, बिल येईपर्यंत सगळं छान. थ्रॉटलिंग लगेच जाणवतं पण कशामुळे ते कळत नाही, आपण सिग्नलला शिव्या घालतो, नेटबुक फॉरमॅट मारतो, घरच्यांवर चिडतो, आणि असतं ते मुकाट आवळलेलं लिमिट. ओळखायचं असेल तर स्पीड टेस्ट वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या जागी करून बघा. सिग्नल पूर्ण आहे, पहाटेही तोच आकडा, संध्याकाळीही तोच, दुसऱ्या एरियातही जवळपास तोच, तर वेग कापलेला आहे. पहाटे पळतं आणि संध्याकाळी रांगतं असं असेल तर टॉवरवर गर्दी आहे, त्याचा तुमच्या लिमिटशी संबंध नाही. बिलिंग सायकल (बिलाचा महिना) बदलल्यावर वेग एकदम परत आला तर मग शंकाच नको.

प्लॅनच्या अटी बघताना 'अमुक एमबीला अमुक' असा दर दिसला की ओव्हरेज, 'कमी केलेला वेग' असं दिसलं की थ्रॉटलिंग, आणि दोन्हीपैकी काहीच नसेल तर सही करू नका, आधी लेखी विचारा. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेच्या दबावाखाली कंपन्यांनी २०११ मध्ये फुकट अलर्ट द्यायचं कबूल केलं आणि एप्रिल २०१३ पर्यंत ते सगळीकडे लागू व्हायचं ठरलं, पण अलर्ट कुठल्या नंबरवर येणार ते विचारून रोजच्या फोनवर वळवता येतो का बघा.

तक्रार करतानाही दोन्हीकडे वेगळं मागायचं. ओव्हरेजचं बिल आलं तर नुसतं "माफ करा" म्हणू नका, तारीखवार वापर मागा, मध्यरात्री तीन वाजता ४०० एमबी गेलेत असं दिसलं की अपडेटचा मामला लगेच उघडा पडतो, आणि मग मोठा प्लॅन सायकलच्या पहिल्या तारखेपासून लावून बिल परत काढा असं सांगा, हे पुष्कळदा मान्य होतं कारण त्यांच्याकडे तसं करायची सोय असते. वर दिलेल्या २५० एमबीवाल्याचे असे सत्तावन्न-अठ्ठावन्न डॉलर वाचतात. थ्रॉटलिंगमध्ये पैसे परत मागण्यात अर्थ नाही, तिथे कितीनंतर आणि किती वेगावर आणता हे दोन आकडे लेखी घ्या. आणि हो, एक्सपीमध्ये ऑटोमॅटिक अपडेटच्या सेटिंगमध्ये 'फक्त कळव, उतरवू नको' हा पर्याय होता, तो निवडून मोठे अपडेट वायफायवर करता यायचे.

करार तोडायचा विचार असेल तर तेही आकड्यात बघा. व्हेरायझनने नोव्हेंबर २००९ मध्ये स्मार्टफोन आणि नेटबुकसाठी मुदतीआधी सोडण्याचा दंड १७५ वरून ३५० डॉलर केला, दर पूर्ण महिन्याला १० डॉलर कमी. त्या काळी बारा महिने झाल्यावर सोडलं तर २३०, आणि न सोडता उरलेले बारा महिने ६० ने भरले तर ७२०. नेटबुकचं वायफाय करार तुटला तरी चालू राहतं, त्यामुळे घरी दुसरं नेट असेल तर २३० भरून मोकळं होणं परवडायचं, फक्त त्याआधी चालू सायकलमध्ये ओव्हरेज किती झालंय ते विचारून घ्यावं लागायचं, ते शेवटच्या बिलात दंडाच्या वर वेगळं लागायचं.