नाशिकची वाहतूक : ट्रामपासून परिक्रमा मार्गापर्यंत

नाशिकच्या वाहतुकीचा आजचा पेच समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात रेल्वे स्थानकाच्या जागेपासून करावी लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६० च्या दशकात थळ घाट (म्हणजेच कसारा घाट) चढून इगतपुरीमार्गे मनमाड-भुसावळकडे लोहमार्ग नेला, तेव्हा तो गोदाकाठच्या जुन्या गावाला न लागता आग्नेयेकडून गेला आणि गावासाठीचे स्थानक मेनरोडपासून आठ-नऊ किलोमीटर दूर पडले. ‘नाशिकरोड’ या स्थानकाच्या नावातला ‘रोड’ हा शब्द म्हणजे त्या अंतराचीच नोंद होय.

हे अंतर तोडण्यासाठी १८८९ मध्ये ट्राम सुरू झाली. मेनरोडवरील नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिकरोड स्थानकापर्यंत चार घोडे दोन डबे ओढत असत आणि वाटेतला बराचसा भाग निर्मनुष्य झाडीचा होता. पुढे दुष्काळ आणि प्लेग यांच्या लागोपाठच्या वर्षांत उत्पन्न आटत गेले आणि १९३० च्या दशकाच्या प्रारंभी ही सेवा बंद पडली. सुमारे चाळीस वर्षे चाललेल्या या ट्रामनंतर नाशिकला रुळांवरची शहरी वाहतूक पुन्हा लाभलेली नाही. शहर आणि स्थानक यांना जोडणारा स्वतंत्र मार्ग हवा, ही मागणी नवी नसून या शहराने ती एकदा पूर्ण करून नंतर गमावलेली आहे, हे आजच्या चर्चेत सहसा कुणाच्या लक्षात नसते.

त्यानंतरच्या वाढीने जुने अंतर मिटवले नाही, उलट त्यात आणखी अंतरांची भर घातली. नाशिकरोडला १९२५ मध्ये सिक्युरिटी प्रेस आणि त्यानंतर तीनच वर्षांत नोटांचा छापखाना आला. ओझरला १९६४ मध्ये विमान कारखाना उभा राहिला. सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती झाल्या आणि कामगारांच्या निवासासाठी सिडकोने नवीन नाशिक वसवले. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व आसपासची गावे एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली खरी, परंतु कारखाना एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला, आणि बाजार, न्यायालय व जिल्हाधिकारी कार्यालय मध्यभागी, ही रचना कायम राहिली. २००१ मध्ये सुमारे १०.७७ लाख असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४.८६ लाखांवर गेली आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा जवळजवळ प्रत्येक जण सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), शालिमार, मुंबई नाका किंवा द्वारका यांपैकी एका चौकातून जाऊ लागला.

द्वारका चौकात तर मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता एकमेकांना भेटतात. महामार्गाच्या रुंदीकरणात शहराच्या भागातून सुमारे सहा किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल बांधण्यात आला व तो २०१३ मध्ये खुला झाला. धुळे-मुंबई अशी थेट जाणारी मालवाहतूक त्यामुळे वर गेली, मात्र ज्यांना नाशिकमध्येच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचे असते त्यांची वाहने पुलाखालच्या चौकांतच राहिली. द्वारकेला पादचाऱ्यांसाठी केलेला भुयारी मार्गही वापराविना पडून राहिला. महामार्ग बांधणाऱ्याने महामार्गाचा प्रश्न सोडवला, चौकाचा प्रश्न त्याच्या कामाच्या व्याख्येतच बसत नव्हता. नाशिकच्या नियोजनातील हा दोष पुढेही पुन्हा पुन्हा दिसतो.

नाशिकच्या रस्त्यांसाठी मोठा निधी प्रामुख्याने सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने मिळत आला आहे, म्हणून बारा वर्षांचे ते चक्र या इतिहासात महत्त्वाचे आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. त्या दिवसाची सावली २०१५ च्या साऱ्या आखणीवर होती. येण्याचे आणि परतण्याचे मार्ग वेगळे केले गेले, खासगी वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवर अडवून तिथून एसटीच्या गाड्यांनी भाविकांना आणण्याची व्यवस्था झाली आणि शहराभोवतीच्या वळण रस्त्यांची कामे मार्गी लागली. मात्र २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या शाही स्नानाला निर्बंध आणि अडथळे इतके कडक होते की भाविकांना फार दूर चालावे लागले, गर्दी अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी झाली आणि पुढच्या स्नानासाठी ते सैल करावे लागले. तरीही वाहने बाहेर ठेवून लोकांना सार्वजनिक गाडीने आत आणता येते, हे नाशिकने त्या काही दिवसांत प्रत्यक्ष करून पाहिले होते. पर्व संपल्यावर वळण रस्ते राहिले आणि बससेवेची ती घडी मोडली, याची रुखरुख मला आजही वाटते.

कारण त्या काळात शहरांतर्गत बस एसटी महामंडळाकडे होती आणि तोट्याच्या कारणाने तिच्या फेऱ्या घटत चालल्या होत्या. लोक शेअर रिक्षांकडे आणि त्याहून अधिक दुचाकींकडे वळले. ८ जुलै २०२१ रोजी महापालिकेच्या परिवहन कंपनीची ‘सिटीलिंक’ सेवा सुरू झाली. तिच्या गाड्या प्रामुख्याने सीएनजीवर धावतात. गाड्या ठेकेदाराच्या, किलोमीटरमागे त्याला ठरलेले पैसे, तिकिटाचे उत्पन्न व तोटा महापालिकेचा, अशी ही पद्धत आहे. वाहकांच्या थकीत वेतनावरून झालेल्या संपांनी सेवा अनेकदा विस्कळीत झाली, तरी शहराच्या टोकांना एकमेकांशी जोडणारी सार्वजनिक व्यवस्था आज हीच आहे.

या दरम्यान ‘मेट्रो निओ’चा अध्याय घडला. नेहमीच्या मेट्रोचा खर्च पेलेल इतकी प्रवासी संख्या नाशिकमध्ये नाही, हे लक्षात घेऊन मेट्रो उभारणाऱ्या महामेट्रो कंपनीने उन्नत मार्गावर रबरी टायरवर धावणाऱ्या, वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या २५ मीटर लांबीच्या जोडगाडीची (डबे जोडलेल्या लांब बसची) कल्पना मांडली. राज्य मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये तिला मान्यता दिली आणि १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. गंगापूर ते नाशिकरोड हा सुमारे २२ किलोमीटरचा आणि गंगापूर ते मुंबई नाका हा सुमारे दहा किलोमीटरचा, असे दोन मुख्य मार्ग आखले होते. त्यातील मोठा मार्ग पुन्हा शहर आणि स्थानक यांनाच जोडत होता. देशात अशी गाडी कुठेही चालत नसल्याने केंद्राची अंतिम मंजुरी रेंगाळली आणि प्रकल्प प्रत्यक्ष बांधकामापर्यंत पोहोचला नाही. घोषणा आणि मंजुरी यांतला हा फरक त्या वेळी नीट सांगितला गेला असता, तर बसच्या सुधारणेकडे अधिक लवकर लक्ष गेले असते.

शहराबाहेरचे चित्र अधिक वेगाने बदलले. महानगराचा विचार महापालिकेच्या हद्दीपलीकडे व्हावा यासाठी २०१७ मध्ये नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. समृद्धी महामार्गाचा शिर्डी-भरवीर टप्पा मे २०२३ मध्ये, भरवीर-इगतपुरी मार्च २०२४ मध्ये आणि शेवटचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसारा घाट टाळून मुंबईकडे जाण्याची सोय त्यामुळे झाली. रेल्वेची स्थिती मात्र तशी नाही. कसाऱ्याच्या ३७ ला १ (दर ३७ मीटरला एक मीटर) या चढामुळे मुंबईची लोकल घाटाखालीच थांबते, आणि रोज मुंबईला जाणारा नाशिककर १९७५ मध्ये सुरू झालेल्या पंचवटी एक्स्प्रेससारख्या मोजक्या गाड्यांवर विसंबून आहे. सुमारे २३५ किलोमीटरच्या नियोजित पुणे-नाशिक द्रुतगती रेल्वेचा मूळ मार्ग पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या क्षेत्रातून जात असल्याने अडला आणि शिर्डीमार्गे पर्याय पुढे आला.

आता २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ही ध्वजारोहणाची आणि २ ऑगस्ट २०२७ ही पहिल्या अमृत स्नानाची (पूर्वीच्या शाही स्नानाची) तारीख जाहीर झाली, २०२५ मध्ये कुंभमेळ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले आणि शहराभोवती साठ किलोमीटरांहून लांब ‘नाशिक परिक्रमा मार्ग’ हाती घेण्यात आला. बाहेरगावच्या गाड्या या मार्गाने शहराला वळसा घालू शकतील. मेनरोड ते नाशिकरोड या जुन्या ट्रामच्या टप्प्यावर मात्र बससाठी राखीव मार्गिका अजून नाही.