बाईला खाणीत बंदी? ती जुनी गोष्ट झाली

"सावनेरच्या भूमिगत खाणीत बाई उतरूच शकत नाही, कायदाच आहे तसा," असं नागपुरात अजूनही छातीठोकपणे सांगतात. कायदा होता खरा: १९५२ च्या खाण कायद्याचं कलम ४६. पण केंद्र सरकारनं २०१९ मध्येच त्यातून सूट दिली. तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत खाली जायला मुभा मिळाली. अटींमध्ये लेखी संमती आणि किमान तिघींचा गट. (ही तिघींची अट मला खटकली. जिथं इंजिनिअर बाई एकटीच, तिथं सूट कागदावरच राहिली.) उघड्या खाणीत तर रात्रपाळीचीही वाट मोकळी झाली. बाकी टोपीवरचा दिवा, कमरेला सेल्फ-रेस्क्युअर (विषारी वायूत श्वास घ्यायला मदत करणारं छोटं उपकरण) आणि एक डोळा छताकडे, हे बाईला काय नि बाप्याला काय, सारखंच.