उचललेल्या कोडमधली गृहीतकं

दुसऱ्याचा कोड उचलला की लिहिणाऱ्याची गृहीतकंही सोबत येतात. एक उदाहरण: एखाद्या मजकुरात कोणते शब्द सर्वांत जास्त वेळा आलेत, ते शोधायचं आहे. १९८६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी याच कामासाठी कित्येक पानांचा एक देखणा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं परीक्षण केलं डग मॅकिलरॉय यांनी. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधली पाइपची, म्हणजे एका कमांडचं उत्तर थेट पुढच्या कमांडला देण्याची, कल्पना त्यांचीच. कनुथ यांच्या कारागिरीला दाद देऊन मॅकिलरॉय यांनी तेच काम करणारी सहा कमांडची माळ मांडली: अक्षर नसेल तिथे नवी ओळ घाला, कॅपिटल अक्षरं स्मॉल करा, ओळी क्रमाने लावा, सारख्या ओळी मोजून एकेकच ठेवा, आकड्यांच्या उतरत्या क्रमाने पुन्हा लावा आणि वरच्या हव्या तेवढ्या दाखवून थांबा.

प्रोग्रॅमर मंडळी ही माळ आजही रोज वापरतात, थोडेफार फेरफार करून. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने ठेवलेल्या नोंदींमध्ये, कुठली चूक वारंवार येते हे पाहायलाही ती चालते. मात्र एक खोच आहे. मोजणारी ‘युनिक’ कमांड फक्त लागोपाठच्या ओळी ताडून बघते, म्हणून आधी क्रम लावावाच लागतो. ती पायरी जादा समजून कोणी गाळली, तर आकडे चुकतात आणि कुठेही एरर येत नाही.

आता याच माळेत मराठी मजकूर घाला. पहिल्या पायरीसाठी ‘अक्षर’ म्हणजे इंग्रजी ए ते झेड. देवनागरीतलं सगळंच त्यात अडगळ ठरतं आणि हाती उरते एक रिकामी ओळ. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत शब्द वेगळे काढायला सर्रास वापरलं जाणारं बॅकस्लॅश-डब्ल्यू हे चिन्ह युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांची संकेतप्रणाली, ओळखतं खरं, पण काना-मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानत नाही. ‘मराठी’ हा शब्द त्यातून ‘मर’ आणि ‘ठ’ होऊन बाहेर पडतो! कोड बिघडलेला नसतो. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वेगळा मजकूर होता, इतकंच.

बायनरी सर्च या शोधपद्धतीचं उदाहरण याहून बोलकं आहे. क्रमाने लावलेल्या यादीचा मधला घटक बघायचा, नको ती अर्धी बाजू सोडायची, पुन्हा मध्य. मध्य काढायला पहिला आणि शेवटचा क्रमांक मिळवून दोनाने भागतात. शाळेतल्या गणितात यात खोट नाही. पण जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत साध्या पूर्णांकाची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. १०० कोटी आणि १२० कोटी यांची बेरीज त्यापुढे जाते, ती उलटून ऋण होते आणि प्रोग्रॅम यादीबाहेर हात घालतो. जावाच्या अधिकृत लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संग्रहात, ही चूक सुमारे नऊ वर्षं होती. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती जाहीरपणे मांडली. उपाय एका ओळीचा: शेवटातून पहिला वजा करा, त्याचं अर्धं करा, ते पहिल्यात मिळवा. पायथनमध्ये पूर्णांक लागेल तेवढा वाढतो, त्यामुळे तिथे जुनी ओळही बरोबरच आहे. म्हणजे कोडचा तुकडा चूक की बरोबर, हे तो कुठे चालणार यावरही ठरतं.

उचललेल्या कोडची ही अडचण ओळखणारे लोक फार आधीपासून आहेत. केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर १९४९ पासून काम करणाऱ्या मंडळींनी नेहमी लागणाऱ्या सबरूटीनच्या (पुन्हा पुन्हा वापरायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्या पोलादी कपाटात ठेवल्या होत्या. हवी ती पट्टी काढून तिची नक्कल आपल्या पट्टीवर उतरवायची. सोबत लेखी माहितीही असे: ही किती जागा घेते, किती वेळ लावते.

आपल्या स्निपेटच्या, म्हणजे जपून ठेवलेल्या कोडच्या तुकड्यांच्या, फोल्डरला तेवढी शिस्त बहुधा नसते. ‘फायनल२’, ‘नवीन_खरं’ अशा नावांची स्क्रिप्ट सहा महिन्यांनी तिच्या मालकालाही कळत नाही. निदान वर दोन ओळींची कॉमेंट हवी: आत काय द्यायचं, काय दिलं तर चालणार नाही. आणि शेजारी चार टेस्ट: रिकामी फाइल, एकच ओळ असलेली फाइल, नावात स्पेस असलेली फाइल आणि देवनागरी मजकूर. शेल स्क्रिप्ट (कमांडची यादी असलेली फाइल) असेल तर तिसऱ्या टेस्टपासून सुरुवात करावी, असं माझं मत. फाइलच्या नावाभोवती अवतरणचिन्हं नसतील तर स्पेसपाशी नावाचे तुकडे होतात; ती विसरलेली स्क्रिप्ट तिथेच सापडते.