दवाखान्यातून मैदानावर, मैदानावरून घरात

नोकरी गेली, परीक्षेत सलग तीनदा नाव आलं नाही, लग्न मोडलं, की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: खेळाडूसारखा विचार कर. डोळे मिटून यश बघ, स्वतःशी चांगलं बोल, श्वासाकडे लक्ष दे. हे सगळं मैदानावरून आलं असं आपण धरून चालतो. खरं तर यातली बरीचशी तंत्रं आधी दवाखान्यात, भ्यालेल्या आणि खचलेल्या माणसांसाठी तयार झाली. खेळाडूंनी ती उचलली, रोजच्या सरावाने पक्की केली आणि मग ती आपल्याकडे परत आली. परतताना त्यातलं काही वाटेत सांडलं आणि मला वाटतं, जे सांडलं तेच सगळ्यात मोलाचं होतं.

अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांचं स्नायू शिथिल करण्याच्या पद्धतीवरचं पुस्तक १९२९मध्ये आलं. एकेक स्नायू आधी ताणायचा, मग सोडायचा, म्हणजे ताण कुठे बसलाय हे शरीरालाच कळतं. पुढच्या काही वर्षांत त्यांनी एक विलक्षण गोष्ट मोजली. हात न हलवता फक्त 'मी हात वाकवतोय' अशी कल्पना केली, तरी त्या हाताच्या स्नायूंत बारीकशी विद्युत हालचाल दिसते. दक्षिण आफ्रिकेचे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५०च्या दशकात या शिथिलीकरणाला भीतीची शिडी जोडली. रुग्णाने अंग सैल सोडून आधी सगळ्यात सौम्य भीती मनात आणायची. ती पचली की पुढची पायरी.

खेळाच्या बाजूनेही प्रयत्न चालू होते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५मध्ये क्रीडा संशोधनाची प्रयोगशाळा चालवायला घेतली. १९३२मध्ये ती बंद पडली. १९३८मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकाने त्यांना बोलावलं, पण संघाच्या व्यवस्थापकाला हा प्राध्यापक नकोच होता. सराव खऱ्या सामन्यासारखा असावा हा ग्रिफिथ यांचा आग्रह तेव्हा कुणी फारसा मनावर घेतला नाही.

हे दोन प्रवाह एकत्र आणणाऱ्यांत रिचर्ड स्विन यांचं नाव मी आधी घेईन. ते चिंतेवर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ. १९७२च्या साप्पोरो हिवाळी ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकन संघासोबत होते. स्कीइंग करणाऱ्यांना ते आधी जेकबसनच्या पद्धतीने शिथिल करत आणि मग उतार मनात उतरायला लावत. सिनेमाच्या पडद्यावर बघावं तसं स्वतःला बाहेरून बघायचं नाही. गुडघ्यातला ताण, पायाखालचा बर्फ, वळणावर झुकलेलं अंग, सगळं आतून अनुभवायचं. जिथे तोल जातो ती जागा पुन्हा पुन्हा घ्यायची, दुरुस्त करून. यात पदक गळ्यात पडल्याचं चित्र कुठेच नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आत्मविश्वास मुळात येतो कुठून, याचं मला सगळ्यात पटणारं उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये मांडलं. सापाला कमालीचे घाबरणारे लोक त्यांच्या प्रयोगांत होते. आधी मदतनीस साप हाताळून दाखवे, मग घाबरलेला माणूस हातमोजा घालून शिवे, मग उघड्या हाताने. बांडुरांनी विश्वासाचे चार झरे सांगितले: स्वतः करून पाहिलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं बघणं, इतरांचे धीराचे शब्द आणि आपल्या शरीराची अवस्था. यातला पहिला सगळ्यात जोरकस. नुसत्या शब्दांनी आलेला विश्वास पुढच्या अपयशात सहज वाहून जातो.

पुढचे दोन अभ्यास त्याला दुजोरा देतात. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फाम आणि टेलर या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना चांगले गुण मिळाल्याचं चित्र रंगवायला सांगितलं आणि काहींना अभ्यासाला बसल्याचं. परीक्षेत दुसरा गट सरस ठरला. २००९मध्ये मानसशास्त्रज्ञ जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांना आढळलं की स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्यांनी 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' असं वाक्य घोकलं, तर त्यांना उलट जास्तच वाईट वाटतं. खचलेल्या माणसाला 'पॉझिटिव्ह राहा' म्हणून सोडून देणं किती निष्ठुर आहे, हे यातून कळावं.

आपल्याकडे हे शास्त्र मराठीतून सांगणारं मोठं नाव म्हणजे नाशिकचे भीष्मराज बाम. माजी पोलीस अधिकारी, योगसूत्रांचे अभ्यासक. एकाग्रता रोज घडवता येते असं ते सांगत. अंजली भागवत, सुमा शिरूर, गगन नारंग असे नेमबाज त्यांच्याकडे शिकले. २०१७मध्ये ते गेले.

आणि नेमबाज अभिनव बिंद्रा. २००४ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये तिसऱ्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेला आणि सातवा आला. बीजिंगच्या आधी त्याने मंगल कार्यालय भाड्याने घेऊन तिथे सराव केला, कारण ऑलिंपिकचा हॉल तसाच प्रशस्त असणार होता. ग्रिफिथ यांचा जुना आग्रह सत्तर वर्षांनी असा फळाला आला. २००८च्या अंतिम फेरीआधी त्याची चाचणीची गोळी ४.२वर, म्हणजे मध्यापासून बरीच दूर गेली. त्याने रायफल पुन्हा जुळवली आणि शेवटची गोळी १०.८वर मारून ७००.५ गुणांनी सुवर्ण घेतलं. त्यानंतर आलेल्या पोकळीबद्दलही तो जाहीरपणे बोलला आहे.

वाटेत सांडलं ते हे: पायऱ्या आणि सोबत. बिंद्रामागे प्रशिक्षकांची फळी होती, सापाला शिवणाऱ्याशेजारी मदतनीस उभा होता. पुण्यात कॉटवर पडून निकालाचा विचार करणाऱ्या मुलाला मात्र डोळे मिटायला सांगून आपण निघून जातो. त्याच्याशेजारी बसून उद्या एकच जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणं, ही पहिली पायरी होऊ शकते. आणि झोप उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टर गाठायला हवा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.